बाबांच्या मापाची पेटी

त्या पेटीत बाबा बसले की त्यांचं डोकं वरच्या भोकातून बरोबर बाहेर यायचं. माझं यायचं नाही. आतल्या स्टुलावर एकावर एक दोन पाट ठेवून, मान ताणून बसले की कुठे माझी हनुवटी फळीच्या वर यायची. पेटी माझ्यासाठी आणली होती, कारण आजारी मी होते. माप मात्र बाबांचं घेतलं गेलं. ते का, हे सांगायचं तर आधी माझ्या कातडीबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला अजूनही जड जातं.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं होती. आम्ही बदलापूरला कुळगावात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. मी बी.ए. करून घरीच शिकवण्या घ्यायचे. माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर आणि केसांच्या कडेला लाल चट्टे उठायचे. त्यांवर पांढरी खपली धरायची आणि दिवसभर गळत राहायची. मी उठले की बसल्या जागी चुरा पडलेला असायचा. तोंडावर काही नव्हतं, एवढंच नशीब. नाक्यावरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सोरायसिस. कुणाला लागत नाही, मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो, उल्हासनगरला कातडीचे मोठे डॉक्टर आहेत त्यांना दाखवून घ्या, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "बघू." त्या 'बघू'मध्ये दोन वर्षं गेली.

काळ्या-निळ्या कपड्यांवर खपल्या लगेच दिसतात, म्हणून मी पांढरं घालायला लागले. पांढरा पंजाबी ड्रेस, लांब बाह्यांचा. सणासुदीला पांढरी साडी आणि कोपराखालपर्यंत ब्लाऊज. आमच्यात विहारात जाताना, पौर्णिमेला, लग्नातसुद्धा पांढरंच घालतात, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. उलट कौतुक झालं. विहारातल्या बायका आपापल्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, बघा, या वयात किती साधी राहते, नाहीतर तुम्ही. मी मान खाली घालून वंदना म्हणायचे. सगळ्यांना वाटायचं, पोरगी विनयशील आहे. मी सतरंजीवर काही पडलंय का ते बघत असायचे.

बाबांची आवडती म्हण होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्या मते माझं रक्त बिघडलं होतं आणि ते साफ झालं की कातडी आपोआप साफ होणार होती. त्यासाठी मी कारल्याचा रस प्यायले, कडुलिंबाचा पाला चावला, वांगं, लोणचं, ताक सोडलं. चामटोलीच्या मामाने कसल्याशा मुळ्या आणून दिल्या, त्यांनी मला आठवडाभर जुलाब झाले. रक्तातलं काही निघालं नाही, पोटातलं मात्र सगळं निघालं. मग बाबांनी कुठेतरी ऐकलं की अंगातलं विष घामावाटे बाहेर काढता येतं, आणि त्यांच्या डोक्यात पेटी शिरली.

आधी आम्ही अंबरनाथला एका निसर्गोपचारवाल्याकडे वाफेची पेटी बघायला गेलो. तिथल्या बाईने मला पडद्यामागे नेऊन कपडे काढायला सांगितले. मी ओढणीची पिन काढली, पुन्हा लावली आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाले, चला. नंतर बाबांनी घरी एक रबरी कापडाचा तंबू आणला. आत बसायचं, बाहेर गॅसवर कुकर ठेवायचा आणि त्याच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफ आत सोडायची. आईने कुकर द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, "वरण शिजवायचं की पोरगी, ते एकदा ठरवा." तो तंबू परत गेला.

शेवटी उल्हासनगर कॅम्प चारमधला एक जण कळला. त्याचं छोटं वर्कशॉप होतं. बाहेर लोखंडी कपाटं आणि कूलरचे सांगाडे रंगवून वाळत ठेवलेले असायचे. त्याने कुणाकडे तरी परदेशातून आलेली लाल दिव्यांची पेटी उघडून बघितली होती आणि तशीच तो बनवून द्यायचा. प्लायवूडचा खोका, पुढे दार, वर डोक्यासाठी भोक, आणि आत इन्फ्रारेडचे लाल बल्ब. बाबांना ते दिवे बघताच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांच्या खात्यात रंग दिलेले पत्रे असल्याच दिव्यांखाली सुकवायचे.

"स्टीम में क्या है साहब, ऊपर ऊपर का पसीना," तो सिंधी मालक म्हणाला. "ये अंदर तक जाता है. सब जहर बाहर. किसके लिए चाहिए?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. एक पोरगा ब्रशने कपाट रंगवत होता, त्याचाही हात थांबला. माझी मान आपोआप खाली गेली. मला वाटलं, आता बाबा माझ्याकडे बघतील, मग सगळे माझ्याकडे बघतील, आणि मग तो विचारील, बेटी को क्या हुआ है?

"मेरे लिए," बाबा म्हणाले. "घुटना दुखता है."

मालकाने लगेच त्यांना स्टुलावर बसवलं आणि टेप काढून बैठकीपासून मानेपर्यंत माप घेतलं. गुडघ्यापासून दिव्यांपर्यंत किती अंतर लागेल तेही बघितलं. बाबा ताठ बसून होते. मी बाजूला त्यांची पिशवी धरून उभी होते आणि मला इतकं हायसं वाटत होतं की माप चुकतंय हे माझ्या लक्षातही आलं नाही. बाबांच्या आलं असेल. पण गुडघा दुखतो म्हटल्यावर माप मुलीचं घ्या, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

टेम्पोतून पेटी उतरली तेव्हा सगळी बिल्डिंग जमली. आमच्याकडे कुणाच्या घरी नवं कपाट आलं तरी चार जण हात लावायला येतात, ही तर माणूस बसायची पेटी. शेजारच्या काकूंनी विचारलंच. बाबांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दारातून आत येताना एक पाय जरा ओढला. पहिलं लंगडणं ते. आत आल्यावर मला पाट आणून द्यायला लागले तेव्हा आई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

त्यानंतर बाबांना लंगडणं भागच पडलं. दारापासून नाक्यापर्यंत जाताना आणि नाक्यापासून दारापर्यंत येताना. नाका ओलांडला की पाय बरा व्हायचा. कधी कधी कोणता पाय ते विसरायचे. आई खिडकीतून हळू आवाजात म्हणायची, "अहो, काल उजवा होता." आम्ही हसायचो. बाबाही हसायचे. हसून झालं की मला कसंतरी व्हायचं, कारण धडधाकट माणूस माझ्यापायी पाय ओढत चालला होता आणि लोक त्याला बसायला खुर्ची देत होते.

पेटी लावली की सगळ्या बिल्डिंगचे दिवे मंद व्हायचे. टीव्हीवरची चित्रं आकसायची आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणायचं, काका बसले वाटतं. म्हणजे मी पेटीत असेपर्यंत बाबांना बाहेर पडता यायचं नाही. ते खिडक्या लावून पेटीशेजारी जमिनीवर बसायचे, माझ्या कपाळावरचा घाम पुसायचे आणि मला पेपर वाचून दाखवायचे. खून, चोऱ्या, राशिभविष्य, सगळं. माझं नुसतं डोकं बाहेर, हात आत अडकलेले. नाकाला खाज आली तरी त्यांना सांगावं लागायचं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने बापाला सांगायचं, बाबा, नाक खाजवा. ते खाजवायचे आणि पुढची बातमी वाचायचे.

पाटांमुळे मी उंच बसायचे आणि माझे गुडघे बाबांच्या मापापेक्षा दिव्यांच्या कितीतरी जवळ यायचे. चट्टे आधी लाल होते, ते आता तडकायला लागले. घाम त्यांत झोंबायचा. कपड्याला चिकटलेली खपली काढताना रक्त यायचं. पांढऱ्यावर खपली दिसत नाही, पण रक्त दिसतं. बाबा रोज विचारायचे, "काही फरक?" मी म्हणायचे, "फिकं होतंय." त्यांचा चेहरा असा खुलायचा की दुसरं काही सांगणं मला जमायचं नाही. धुणं आई धुवायची, तिला सगळं कळत होतं. ती मोरीत डाग चोळताना माझ्याकडे वर बघायची आणि पुन्हा चोळायला लागायची. एकदा मात्र तिने बाबांना ऐकवलं, "तुमचे पत्रे सुकतात म्हणून पोरगी सुकवायला घेतलीत का?" बाबा म्हणाले, "लग्न होईपर्यंत तरी थांब."

लग्न. सगळं त्यासाठीच चाललं होतं. अंबरनाथचं एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, वडील नव्हते, आई बालवाडीत शिकवायची. दोघं येऊन मला बघून गेले. पुन्हा एकदा मुलाची आई एकटीच येऊन आईशी दुपारभर गप्पा मारून गेली. मला ती बाई फार आवडली. उगाच गोड बोलायची नाही. मुलगाही आवडला होता. चहाचा कप घेताना त्याने माझ्या हाताकडे न बघता माझ्याकडे बघितलं होतं. होकार आला. फक्त साखरपुड्याची तारीख ठरायची होती, आणि बाबांचा हिशेब असा की त्या तारखेच्या आत पेटीने आपलं काम करावं. तोपर्यंत मूठ झाकलेली.

मग पौर्णिमा आली. विहारात कार्यक्रम होता आणि मुलाची आई पाहुण्यांबरोबर आमच्याच विहारात आली होती. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, चला, तुमच्याकडे चहा घेऊन जाते. होणाऱ्या विहीणबाईंना नको कोण म्हणणार? बाबा वाटेतच लंगडायला लागले. घरात शिरल्याबरोबर तिची नजर पेटीवर गेली.

"हीच का ती, विहारात बायका सांगत होत्या ती पेटी? मागे आले तेव्हा चादर होती हिच्यावर. भाऊ, गुण येतो का हो? माझे गुडघे जिना चढताना जीव काढतात."

"येतो की," बाबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आणि पुढचंही त्यांना म्हणावंच लागलं. विहीणबाई घरात येऊन गुडघे दुखतात म्हणतेय आणि औषध समोर उभं आहे. "बसून बघा ना ताई, पाचच मिनिटं."

मी आईकडे बघितलं. सकाळीच मी पेटीत बसून उठले होते आणि विहारात जायच्या घाईत आतलं कुणी पुसलं नव्हतं. आई पुढे होऊन म्हणाली, थांबा, टॉवेल बदलते. पण ती बाई कामाची. नको हो, मी काय पाहुणी आहे का, म्हणत तिने स्वतःच दार उघडलं, पाट बघून म्हणाली, हे कशाला, आणि ते बाहेर काढून, वरचा पांढरा टॉवेल स्टुलावर टाकून आत बसलीसुद्धा. तिची साडी गडद जांभळी होती. पाहुण्यांबरोबर ऐन वेळी निघाली होती म्हणून ती पांढरं नेसून आली नव्हती. दिवे लागले. वरून कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, काका बसले वाटतं, आणि बाबा तिच्यासमोर उभे होते.

ती बाहेर आली, पाय हलवून बघितला, म्हणाली, "छान शेक लागतो." आणि चहाकडे वळली. साडीच्या मागच्या बाजूला, कमरेपासून खाली, माझ्या खपल्या चिकटल्या होत्या. जांभळ्यावर पांढरा पट्टाच उठला होता. मी धावत जाऊन हाताने झटकायला लागले. घामाने त्या कापडाला धरून बसल्या होत्या, निघेनात. मी आणखी जोरात झटकायला लागले. तिने मान वळवली, दोन बोटांत एक खपली उचलली आणि उजेडाकडे धरली. त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लोक म्हणतात तसं नव्हे. खरोखर मी खाली फरशीकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"ते माझं आहे ताई," बाबा म्हणाले. "पायाची कातडी जाते माझी. गुडघ्याचंच आहे ते सगळं."

तिने बाबांच्या पायांकडे बघितलं. आयुष्यभर चपला घालून फिरलेले काळे, सुरकुतलेले, पण स्वच्छ पाय. मी तोंड उघडणार होते. शब्द जुळवत होते. आई माझ्याआधी बोलली.

"त्यांना काही झालेलं नाही. ना गुडघा, ना कातडी. पोरीचं आहे ते."

मग आईने सगळं सांगितलं. ती बाई ऐकत होती. ओरडली नाही, उठून गेली नाही. एवढंच विचारलं, "लागतं का कुणाला?"

"नाही म्हणतात डॉक्टर."

"कोणते? कातडीच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

बाबा भिंतीकडे बघत होते. ती उठून मोरीत गेली आणि साबणाने हात धुतले. खूप वेळ धुतले. तो पाण्याचा आवाज मी उभ्याने ऐकला. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, ते मला कळलं आणि त्याने मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजार कुणाला चुकलाय, भाऊ," ती म्हणाली. "पण एवढी मोठी पेटी आणलीत आणि डॉक्टर नाही? मी मुलाला काय सांगू?" चहा तिने प्यायला, तेवढा मान ठेवला. पुढच्या आठवड्यात निरोप आला की मुलाला परीक्षा द्यायच्या आहेत, इतक्यात लग्न नको. आधी सांगितलं असतं तर तिने होकार दिला असता का? मला माहीत नाही. तिला तसा विचार करायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

निरोप आला त्या संध्याकाळी आई बाबांना म्हणाली, "आता कुणापासून लपवायचंय?" तेव्हा कुठे बाबांनी तोंड उघडलं. ते दोन वर्षांपूर्वीच उल्हासनगरला जाऊन त्या डॉक्टरांचा दवाखाना बघून आले होते. बाजारात, वर जिना, आणि जिन्याशी बोर्ड. त्यावर लिहिलेलं, त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ. बदलापूर-अंबरनाथची माणसं त्याच बाजारात लग्नाचे कपडे घ्यायला येतात. त्या बोर्डाखालून आपली बिनलग्नाची पोरगी जिना चढताना कुणी बघितली तर? बाबा खालूनच परतले होते आणि घरी येऊन 'बघू' म्हणाले होते. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला तो बोर्ड दिसला असता तर मीही परतले असते.

आम्ही गेलो. जिना मी ओढणी डोक्यावरून घेऊन चढले, तेही सांगून टाकते. आत बाकांवर सगळे पुरुष. एकाने तोंडाला रुमाल बांधला होता, बाकीच्यांनी पेपर असे धरले होते की चेहरा दिसू नये. मी दाराजवळ बसले, बाबा माझ्या शेजारी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेवढ्यात आतून कंपाउंडर आला आणि आमच्याकडे बघून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पेशंट कोण?"

बाबा उभे राहिले. "मी."

सगळे पेपर खाली आले. बाबा त्या माणसांच्या नजरा अंगावर घेत उभे होते, शर्टाची वरची गुंडी लावत. ते ठरवून उठले नसावेत, सवयीनेच उठले. पण इथे गुडघा नव्हता. इथे 'मी' म्हणणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि बाबांनाही. इतके दिवस मला माझ्या कातडीची लाज वाटत होती. तिथे ती कुठच्या कुठे गेली आणि दुसरीच एक लाज आली, जी अंगावरून झटकता येत नाही.

मी त्यांच्या बाहीला धरून त्यांना खाली बसवलं आणि उभी राहिले. ओढणी डोक्यावरून पडली. "पेशंट मी आहे," मी म्हणाले.

कंपाउंडरने माझं नाव लिहून घेतलं, वय लिहिलं. मग पेनने बाबांकडे दाखवून विचारलं, "यांना काय झालंय?"

"माझे बाबा आहेत," मी म्हणाले. "त्यांना काही झालेलं नाही. ते ठणठणीत आहेत."